दाबून धरलेला क्लच

मित्रांनो, मी मक्याची कणसं तोडणारी एक जुनी मशीन आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. माझ्या अंगावर वर्षाचा आकडा कोरलेली एक पट्टी होती, पण एका मिस्त्रीने खालचा नट सोडवताना तिच्यावर असा काही हातोडा घातला की आता तो आकडा कुणाच्या बापाला वाचता येणार नाही. मला त्याचं दुःख नाही. आपलं वय लोकांना कळलंच पाहिजे असं मला कधी वाटलं नाही.

माझं रूप तुम्हाला आधी नीट सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. मला पुढे दोन लांब नाकं आहेत. मक्याची एक ओळ या दोन नाकांच्या मधून आत शिरते. आत दोन जाड लोखंडी रूळ एकमेकांकडे फिरत असतात. ते मक्याचं धाट पकडतात आणि सरळ खाली ओढतात. धाट बारीक म्हणून रुळांमधून निघून जातं, कणीस जाडजूड म्हणून वरच अडतं आणि कट्कन मोडतं. मग साखळी ते कणीस मागे नेते, तिथले छोटे रबरी रूळ त्याच्यावरची पानं सोलतात आणि एक उभी शिडी त्याला मागच्या ट्रॉलीत फेकते. एवढं सगळं मी करते, पण माझं स्वतःचं इंजिन मात्र नाही. ट्रॅक्टरच्या मागे एक लोखंडी दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. ट्रॅक्टर तो शाफ्ट फिरवतो आणि शाफ्ट मला फिरवतो. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाने क्लचवर पाय दाबला की मी थांबते, पाय उचलला की पुन्हा फिरू लागते. हे एवढं लक्षात ठेवा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला जोडणारा कामगार सुट्टीच्या आदल्या दिवशी फार घाईत होता. त्याने माझ्या उजव्या कुशीतला एक बोल्ट उलटा बसवला आणि शीळ घालत घरी गेला. तेव्हापासून ज्या ज्या मिस्त्रीने मला उघडलं, त्या प्रत्येकाने त्या अनोळखी माणसाचा उद्धार केला. बिचाऱ्याला आयुष्यभर उचक्या लागल्या असतील.

पहिली काही वर्षं मी एका मोठ्या शेतावर काढली. तिथे कुणी मला नाव ठेवलं नाही की कुणी माझ्याशी बोललं नाही. पुढे त्या मालकाने माझ्याहून मोठी मशीन आणली आणि मला विकायला काढलं. तेव्हा एक तरुण माणूस आला. त्याने माझे रूळ हाताने फिरवून पाहिले, साखळीला नाक लावून वास घेतला आणि म्हणाला, "ही चालेल." त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. पुढे त्याला दोन मुलं झाली आणि ती त्याला बाबा म्हणू लागली. मीही मनातल्या मनात त्याला बाबाच म्हणते आणि त्याच्या बायकोला आई. वयाने मी दोघांच्या बरोबरीची असेन, पण घरात जे ऐकू येतं तेच तोंडी बसतं.

मला नाव बाबांनीच दिलं. घरी आणल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा चालवलं आणि माझा आवाज ऐकून ते पोट धरून हसले. "अगं, ही तर माझ्या आत्यासारखी आहे," ते आईला म्हणाले. "येते ती दणदणत, आल्यापासून कुरकुरते, पण सगळ्यांचं काम उरकूनच जाते." तेव्हापासून मी आत्याबाई झाले. खरी आत्या एकदा घरी आली तेव्हा धाकट्याने तिला हे सांगून टाकलं. पुढे दोन वर्षं ती त्या घराची पायरी चढली नाही.

मला ओढायला जो ट्रॅक्टर होता, तो माझ्याहूनही म्हातारा. त्याची बॅटरी कधीच मेली होती. त्याला उठवायचं म्हणजे पुढच्या भोकात लोखंडी हँडल घालून जोरात फिरवावं लागे, तेही तीनदा, चारदा, कधी दहादा. थंडीच्या सकाळी तो इतके आढेवेढे घ्यायचा की बाबा घामाघूम होत. त्यामुळे घरात एक रीतच पडली होती. सकाळी एकदा ट्रॅक्टर उठला की जेवायची वेळ होईपर्यंत कुणीही त्याला झोपू द्यायचं नाही.

कणसांच्या दिवसांत सगळं घर शेतात असे. ट्रॅक्टर आई चालवायची. आधी बाबा चालवत, पण त्यांचं लक्ष सारखं मागे माझ्याकडे असायचं आणि ओळ सोडून आम्ही भलतीकडेच जायचो. शेवटी आई म्हणाली, "उतरा तुम्ही. मका सरळ पेरलाय, तुम्ही वाकडा कापताय." एका दुपारात ती शिकली. त्यानंतर माझी नाकं कधी ओळीबाहेर गेली नाहीत. बाबा माझ्या शेजारून चालत. थोरली, जिला धाकटा ताई म्हणायचा, ती पोतं घेऊन मागे राहिलेली कणसं वेचायची. धाकटा कणसांना दाढीमिश्या काढायचा आणि त्यांची शाळा भरवायचा. संध्याकाळी बाबा मला पुसता पुसता शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात माझं कौतुक करत. मला ते ऐकू आलं नाही असं मी दाखवत असे.

आता ती सवय सांगते. मध्येच कधी तरी एखादं ओलं किंवा आडवं पडलेलं धाट माझ्या रुळांत अडकायचं. मग बाबा तळहात वर करत. आई गिअर काढून क्लच दाबून धरायची, मी थांबायचे आणि बाबा हात घालून ते धाट ओढून काढायचे. इंजिन चालूच राहायचं. ते बंद केलं तर पुन्हा हँडल मारा, पुन्हा घाम गाळा, कुणी सांगितलंय? दिवसातून पाच-सात वेळा हे व्हायचं. शेकडो वेळा झालं आणि काही बिघडलं नाही, म्हणून ते बरोबरच आहे असं सगळ्यांना वाटू लागलं. मलाही वाटू लागलं.

एका सकाळी दव फार होतं. वाफ्यात चिखल झाला होता आणि आईच्या चपलेला तो खाली बोटभर चिकटला होता. तिसऱ्या ओळीत धाट अडकलं. आई इंजिन बंद करायला वाकली, तसे बाबा ओरडले, "बंद नको करूस! क्लच दाबून धर, एवढं काढतो." तिने पाय दाबला. बाबांनी हात घातला. आणि तिची चप्पल क्लचवरून सटकली.

मी अर्धा क्षणच फिरले असेन. तिने लगेच पुन्हा पाय दाबला. पण माझ्यासारखीला अर्धा क्षण पुष्कळ होतो. बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

पुढचं सगळं मी शेतातच उभी राहून ऐकलं, कारण मला घरी न्यायचं कुणाला सुचलंच नाही. लोक आले. काय झालं, कसं झालं, असं जो तो विचारत होता. आई म्हणाली, "मशीननं हात ओढला." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. दवाखान्यातून आल्यावर बाबांनीही तेच सांगितलं, "मशीननं ओढला." मुलं लहान होती. त्यांनी ते ऐकलं आणि तेच खरं मानलं. खरं काय ते तिघांना ठाऊक होतं: आईला, बाबांना आणि मला. मला बोलता येत नव्हतं. ती दोघं एकमेकांशी त्याबद्दल कधी बोलली नाहीत.

मला शेडच्या मागच्या कोपऱ्यात ढकललं. आई मुलांना म्हणायची, "तिच्याजवळ जायचं नाही. ती राक्षसीण आहे." मला आधी फार लागलं, खोटं कशाला सांगू? इतक्या वर्षांची आत्याबाई एका सकाळीत राक्षसीण झाली. मग मी मनाची समजूत घातली. माझ्यावर खापर फोडल्याने तिच्या मनाला थोडा आराम पडत असेल तर पडू दे, लोखंडाला काय होतंय? पण तिला आराम पडला नाही, हे मला कळत होतं. ती पुन्हा कधी ट्रॅक्टरवर चढली नाही. शेडमध्ये काही आणायला आली तर माझ्याकडे पाठ करून यायची आणि तशीच पाठ करून जायची. माझ्यावर रागावलेलं माणूस असं करत नाही. रागावलेलं माणूस एखादी लाथ तरी घालतं.

अशी बावीस वर्षं गेली. मक्याच्या शेताचे दोन तुकडे होते. मोठ्या तुकड्यात भाड्याची मोठी मशीन येऊ लागली. घरामागचा छोटा तुकडा मात्र दोन भिंतींच्या मध्ये होता. तिथलं फाटक अरुंद, त्यामुळे तिथली कणसं सगळे मिळून हातानेच तोडत. माझ्या शिडीत एका कोंबडीने संसार थाटला आणि पुढे तिच्या लेकीनातींनी तो चालवला. रंग उडाला, टायर बसले. पण गंजले मात्र मी फारशी नाही, आणि त्याचं एक गुपित आहे. आई बाहेर गेली की बाबा हळूच शेडमध्ये येत. डाव्या हाताने माझ्या सांध्यांना ग्रीस लावत आणि रूळ दोन वेळा फिरवून ठेवत. बोलत काहीच नसत. कोंबडीची मात्र दर वेळी क्षमा मागत.

मुलं मोठी होऊन शहरात गेली. ताईने शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान काढलं. धाकटा शाळेत भूगोल शिकवू लागला. दर वर्षी मका तयार झाला की दोघं रजा काढून दोन दिवस घरी येत. गेल्या हंगामात ती आली तेव्हा बाबांचे गुडघे आखडले होते आणि आईची कंबर धरली होती. घरामागचा तुकडा हाताने तोडायचा म्हणजे पाच दिवसांचं काम. ताई शेडमध्ये पोतं शोधायला आली आणि सहज तिने माझ्या रुळाला हात लावला. तो गर्रकन फिरला. तिने बोटावरचं ताजं ग्रीस पाहिलं, वास घेतला आणि बाबांना हाक मारली.

त्या दिवशी जेवताना घरात जे वाजलं, ते शेडपर्यंत ऐकू आलं.

"त्या मशीनला हात लावलात तर मी जेवणार नाही," आई म्हणाली.

"अगं आई, मी रोज मशीनच उघडते. आणि ही फाटकातून जाते. एका दिवसात काम होईल."

"तुझ्या मशीनला सुई असते, हिला जबडा आहे. तुझ्या बाबांचा हात बघ आणि मग बोल."

बाबा मग म्हणाले, "यंदा एकदाच चालवू दे त्यांना. मी समोर उभा राहतो."

"तुम्ही तर बोलूच नका," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. थोड्या वेळाने म्हणाली, "करा काय करायचं ते. मी तिकडे फिरकणार नाही."

मित्रांनो, पुन्हा मक्यात जायचं म्हणून मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. पण खरी काळजी वेगळीच होती. आई आता साठीच्या पुढे गेली होती. ती गाठ मनात तशीच घेऊन ती एक दिवस जाईल आणि कुणाला काही कळणार नाही, या विचाराने मी त्या कोपऱ्यात पुष्कळदा अस्वस्थ झाले होते. आता मला बाहेर काढलं तर ती गाठ सुटेल की आणखी घट्ट बसेल, हे मला सांगता येत नव्हतं.

ताईने मला दिवसभर खपून साफ केलं. टायरांत हवा भरली, कोंबडीला टोपलीत हलवलं. उलटा बोल्ट तिलाही सापडला आणि त्या कामगाराला आणखी एक उचकी लागली. दुसऱ्या सकाळी धाकटा ट्रॅक्टरला हँडल मारायला लागला. बाबा त्याला उरलेल्या दोन बोटांनी दाखवत होते, "अंगठा आत घालू नकोस. सगळी बोटं एका बाजूला ठेव. उलटं फिरलं तर अंगठा मोडेल." अकराव्या वेळी ट्रॅक्टर उठला. धाकटा खांदा चोळत म्हणाला, "नकाशावर नदी दाखवणं बरं यापेक्षा."

आणि मग मी मक्यात शिरले. काय सांगू तुम्हाला! धाटं कडाकड मोडत होती, कणसं ट्रॉलीत धडाधड पडत होती, आणि मी मनसोक्त कुरकुरत होते. ताई बाजूने चालत होती. बाबांना खुर्चीत बसायला सांगितलं होतं, ते खुर्ची उचलून माझ्या मागे मागे येत होते. तीन ओळी झाल्या. चौथ्या ओळीत एक आडवं धाट आलं आणि रुळांत अडकलं.

ताईने हात वर केला. धाकट्याने मागे वळून पाहिलं. "आता हे बंद केलं तर माझा खांदाच निखळेल," तो ओरडला. "क्लच दाबून धरतो ताई, तू एवढं काढ!"

मित्रांनो, त्याला हे कुणीही शिकवलं नव्हतं. बावीस वर्षं त्या घरात हे शब्द कुणी काढले नव्हते. ते त्याचे त्यालाच सुचले, कारण हँडल तेच होतं, ट्रॅक्टर तोच होता आणि आळसही तोच होता. त्याच्या पायात बाबांच्या जुन्या चपला होत्या. बाबा वीसेक पावलं मागे होते, खुर्ची सांभाळत. ताई वाकली. मला ओरडावंसं वाटलं, पण मला फक्त कुरकुरता येतं, आणि तेही कुणी फिरवलं तर.

तेवढ्यात फाटकातून आई आली. फिरकणार नाही म्हणाली होती, पण मुलं उन्हात आहेत म्हणून पाण्याची घागर घेऊन आलीच. बोललेलं तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. तिने नुसतं पाहिलं. धाकट्याचा ताठ झालेला पाय पाहिला, ताईची वाकलेली पाठ पाहिली. घागर तिथेच पडली. कंबर धरलेली ती बाई मोडलेल्या धाटांतून अशी धावली की मी तिला तरुणपणीही तसं धावताना पाहिलं नव्हतं. ती ट्रॅक्टरच्या पायरीवर चढली आणि तिने इंजिन बंद करायची दांडी खस्सकन ओढली.

सगळं शांत झालं. ताईचा हात माझ्या रुळापासून वीतभर लांब होता.

"आई, अगं मी क्लच दाबला होता," धाकटा म्हणाला.

"मीही दाबला होता," आई म्हणाली.

कुणालाच काही कळेना. आई पायरीवरच उभी होती, दोन्ही हातांनी ती दांडी धरून. "मीही दाबला होता," ती पुन्हा म्हणाली. "मशीननं काही केलं नाही. माझा पाय सटकला. चपलेला चिखल होता. बावीस वर्षं मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमच्या बाबांची बोटं माझ्या पायानं गेली."

बाबा तोवर पोहोचले होते. त्यांनी खुर्ची खाली ठेवली.

"बंद नको करूस, असं कोण ओरडलं होतं?" त्यांनी विचारलं.

आईच्या हातातून दांडी सुटली.

"तू बंद करायला वाकली होतीस. मी नको म्हणालो. हँडल मारायचा कंटाळा माझा. हात माझा. तुझा पाय सटकला एवढंच."

"तुम्हाला ठाऊक होतं? मला वाटायचं तुम्हाला कळलंच नाही."

"कळलं नाही? शाफ्ट काय आपोआप फिरतो?" बाबा म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "मला वाटायचं, विषय काढला तर तुला वाटेल मी तुझ्या पायाचं बोलतोय. आणि माझी चूक कबूल करायला धीर होत नव्हता. म्हणून मीही हिच्यावरच ढकललं."

आई पायरीवर बसली आणि रडली. बाबा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तो दोन बोटांचा हात तिच्या डोक्यावर ठेवला. ताई वाफ्यातच बसली होती आणि आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघत होती. धाकट्याने पायातल्या चपला काढून भिंतीपलीकडे भिरकावल्या.

बऱ्याच वेळाने आईने पदराने तोंड पुसलं. "उतर," ती धाकट्याला म्हणाली. "ओळ वाकडी केलीस सगळी."

उरलेलं शेत तिनेच काढलं. त्या दिवशी माझ्यात नऊ वेळा धाट अडकलं आणि नऊही वेळा आईने इंजिन बंद केलं. नऊ वेळा हँडल मारावं लागलं. पाळी लावली होती. बाबांनीही डाव्या हाताने एकदा प्रयत्न केला, ट्रॅक्टर नुसता शिंकला आणि सगळे हसले. काम संपायला दिवस मावळला. दुसऱ्या सकाळी आई एकटीच शेडमध्ये आली. माझ्यासमोर उभी राहिली, तोंड माझ्याकडे करून. शिडीतली चार पिसं काढली आणि कोंबडीची टोपली माझ्या शेजारी नीट ठेवून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. मला ग्रीस लावा, पावसात ठेवू नका, असं म्हणायचा हक्क मलाही आहे. पण मी ते मागणार नाही. मी एवढंच मागते, की मी फिरत असताना, किंवा फिरू शकत असताना, माझ्यात हात घालू नका. धाट कुठलं आणि हात कुठला, हे मला कळत नाही. ज्यांच्यावर माझा जीव होता, त्यांची बोटंही मला कळली नाहीत. आणि कधी हातून चूक झालीच, तर ज्याच्या बाबतीत झाली त्याला त्याच संध्याकाळी सांगा. ती माझ्यावर ढकललीत तर मी आणखी शंभर वर्षं सोसेन, माझं काही जात नाही. पण ती दोघं बावीस वर्षं रोज समोरासमोर बसून जेवली, आणि दोघांनाही वाटत होतं की या घरात अपराधी आपण एकटेच आहोत. तुमच्या घरी तसं होऊ देऊ नका.